तोड वेगळी, फोड वेगळी: पोर्तुगीज क्रियापदाचं लांबलचक रूप कसं सोडवायचं

'कान्तावामोस' म्हणजे 'आम्ही गात असू'. या रूपाचे सिलॅबल पाडा म्हटलं की निम्मा वर्ग लिहितो 'कान्त, आ, वा, मोस'. आणि रचना सांगा म्हटलं की तोच निम्मा वर्ग लिहितो 'कान्, ता, वा, मोस'. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त एकमेकांच्या जागी बसली आहेत. दरवर्षी नवी मुलं येतात आणि चूक तीच असते.

सिलॅबल पाडणं म्हणजे उच्चाराच्या ठोक्यावर शब्द तोडणं. रचना सांगणं म्हणजे धातू आणि प्रत्यय सुटे करणं, संधीची फोड करतो तसं. पहिलीला मी 'तोड' म्हणतो, दुसरीला 'फोड'. दोन्ही एकाच ओळीत उरकायला गेलं की घोळ होतो. मराठीतही हे वेगळंच असतं. 'करतो' हे म्हणताना 'कर' आणि 'तो' असे दोन ठोके पडतात, फोड मात्र 'कर + त + ओ' अशी तीन तुकड्यांची होते. वर अक्षरं मोजली तर तीन: क, र, तो. ही तिसरी मोजणी पोर्तुगीजमध्ये साफ विसरायची.

## तयारी: तीन ओळी, तीन खुणा

वहीत प्रत्येक रूपासाठी तीन ओळी सोडा. पहिल्या ओळीत रूप जसं छापलंय तसं, दुसरीत फोड, तिसरीत तोड.

खुणाही तीन ठेवा आणि त्यांची सरमिसळ करू नका:

- फोडीसाठी अधिक (+)
- तोडीसाठी मधला ठिपका (·)
- आडवी रेघ (-) फक्त पोर्तुगीज लिपीत मुळातच असेल तिथे

ही तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. पोर्तुगीजमध्ये क्रियापदाला सर्वनाम जोडताना आडवी रेघ द्यावीच लागते, ती शुद्धलेखनाचा भाग आहे. तुम्ही सिलॅबलसाठीही तीच रेघ वापरलीत, तर दोन दिवसांनी स्वतःची वही स्वतःलाच वाचता येणार नाही.

या लेखात पोर्तुगीज शब्द मी अक्षराला अक्षर ठेवून देवनागरीत लिहितोय, उच्चाराप्रमाणे नाही. लिस्बनच्या माणसाच्या तोंडी 'कान्तावामोस'चा शेवट 'मुश' असा ऐकू येतो, पण फोड करताना 'मोस' डोळ्यांसमोर असलेला बरा. डोक्यावरच्या चिन्हांना 'तिरकी रेघ', 'टोपी' आणि 'लाट' म्हणू.

## पायरी १: आधी नकारार्थी करून बघा

रूपात आडवी रेघ दिसली की लगेच चिरफाड सुरू करू नका. रूपाच्या आधी 'नाओ' (म्हणजे 'नाही') घालून वाक्य पुन्हा म्हणा. 'नाओ' आलं की सर्वनाम आपोआप क्रियापदाच्या आधी सरकतं आणि क्रियापद मूळ रूपात समोर येतं.

'कान्ता-लो-एइ' (मी ते गाईन) घ्या. नकारार्थी केलं की 'नाओ ओ कान्तारेइ'. सर्वनाम 'ओ' सुटलं आणि क्रियापद 'कान्तारेइ' हाती आलं. फोड करायची ती याच रूपाची.

शब्द कानावरून लिहून घेताना उलटी अडचण येते: रेघ द्यायची की नाही? पोर्तुगालमध्ये शाळेत शिकलेली माणसंसुद्धा इथे चुकतात. तिथेही हीच युक्ती चालते.

- 'कान्ता-से' (गायलं जातं): नकारात 'नाओ से कान्ता'. 'से' क्रियापदाच्या आधी पळाला, म्हणून रेघ हवी.
- 'कान्तास्से' (गायला असता): नकारात 'नाओ कान्तास्से'. काही हललं नाही, कारण 'स्से' हा प्रत्ययच आहे. रेघ नको.
- 'लावामोस' (आम्ही धुतो) आणि 'लावा-मोस' (तो ते मला धुऊन देतो): दुसऱ्याचा नकार 'नाओ मोस लावा'. तिथला 'मोस' म्हणजे 'मे' आणि 'ओस' ही दोन सर्वनामं एकत्र झालेली.

तपासा: 'कान्ता-से'मध्ये जोर 'कान्'वर आहे, 'कान्तास्से'मध्ये 'तास्'वर. जोर कुठे पडतो ते ऐकू येत नसेल तर नकाराची युक्ती वापरा, अंदाज करू नका.

## पायरी २: गळालेलं अक्षर परत आणा

'ओ, आ, ओस, आस' (तो, ती, ते, त्या यांना) ही सर्वनामं क्रियापदाच्या शेवटी लागताना शेजारचं अक्षर खातात.

क्रियापदाच्या शेवटी आर, एस किंवा झेड असेल तर ते गळतं आणि सर्वनामाला 'ल' चिकटतो. 'फाझेर' अधिक 'ओ' म्हणजे 'फाझे-लो'. 'फिझ' (मी केलं) अधिक 'ओ' म्हणजे 'फि-लो'. 'फेझ' (त्याने केलं) अधिक 'ओ' म्हणजे 'फे-लो'. 'कान्तावामोस' अधिक 'ओ' म्हणजे 'कान्तावामो-लो'.

क्रियापदाचा शेवट अनुनासिक असेल तर काहीच गळत नाही, उलट सर्वनामाला 'न' लागतो. 'देराम' (त्यांनी दिलं) अधिक 'ओ' म्हणजे 'देराम-नो'. इथे एक खराखुरा पेच आहे. 'देराम-नोस' याचा अर्थ 'त्यांनी ते दिले' असाही होतो आणि 'त्यांनी आम्हाला दिलं' असाही. फोडीतून उत्तर मिळणार नाही, मागचंपुढचं वाक्य वाचावं लागेल.

'आम्ही'च्या रूपापुढे 'नोस' (आम्हाला) आला की 'मोस'मधला एस गळतो: 'एन्कोन्त्रामो-नोस', आम्ही भेटतो. हे पाठ झालं की मुलं उत्साहाने सगळीकडेच एस उडवायला लागतात. 'ल्ये' (त्याला) किंवा 'वोस' (तुम्हाला) पुढे असताना एस जागेवरच राहतो: 'कान्तामोस-ल्ये'.

सावध: 'फा-लो' (तो ते करतो) आणि 'फालो' (मी बोलतो) कानाला सारखेच लागतात. पहिल्यात 'फाझ' लपलेला आहे, म्हणून 'फा'च्या डोक्यावर तिरकी रेघ येते.

### मधे घुसणारं सर्वनाम

भविष्यकाळ आणि संकेतार्थ ('केलं असतं', 'करू' अशा अर्थाचं रूप) या दोन ठिकाणी सर्वनाम शेवटी लागत नाही, क्रियापदाच्या पोटात शिरतं. मराठीला हे परकं आहे. आपण 'करीनच', 'करीनही' म्हणतो, पण 'च' आणि 'ही' शेवटीच लागतात. 'करीचन' कोणी म्हणत नाही. पोर्तुगीज मात्र असंच काहीतरी करते.

'एन्त्रेगारीआमोस' म्हणजे 'आम्ही सुपूर्द करू' (संकेतार्थी). 'ते त्याला' जोडलं की होतं 'एन्त्रेगार-ल्यो-ईआमोस'. संकेतार्थाचा प्रत्यय 'रीआ' आहे. सर्वनाम नेमकं त्या प्रत्ययाच्याच मधोमध बसलंय: 'र' सर्वनामाच्या आधी राहिला, 'ईआ' नंतर गेला. एक प्रत्यय आणि दोन तुकडे! म्हणून अशा रूपाची फोड आहे त्या अवस्थेत करता येत नाही. सर्वनाम काढा, तुकडे जोडा, मगच पुढची पायरी.

'दिझेर' (सांगणे), 'फाझेर' (करणे), 'त्राझेर' (आणणे) या तिघांचा भविष्यकाळ आखूड धातूवर उभा असतो: दि, फा, त्रा. म्हणून 'मी तुला सांगेन' हे 'दिर-ते-एइ' होतं. 'दिझेर-ते-एइ' लिहिलंत की लाल पेन्सिल आलीच.

बोलण्यात हे मधे घुसलेलं सर्वनाम फारसं ऐकू येत नाही. माणसं 'वोउ कान्ता-लो' (मी ते गाणार आहे) म्हणून मोकळी होतात. ब्राझीलमध्ये तर ते पुस्तकीच वाटतं. पण करारनामे, कायदे आणि गोव्यातले जुने पोर्तुगीज दस्त वाचायचे असतील तर त्याच्याशिवाय पान उलटत नाही.

## पायरी ३: फोड उजवीकडून करा

क्रियापदात जास्तीत जास्त चार खण असतात:

धातू + गणस्वर + काळप्रत्यय + पुरुषप्रत्यय

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना 'पठ् + अ + ति' आठवेल. तिथला 'अ' हे विकरण, म्हणजे धातू आणि प्रत्यय यांच्या मधला दुवा. पोर्तुगीजचा गणस्वर साधारण तेच काम करतो. त्यांच्या व्याकरणात त्याला 'वोगाल तेमातिका' म्हणतात. गण, म्हणजे क्रियापदांचे वर्ग, तीन आहेत: आ (कान्तार), ए (वेन्देर), इ (पार्तिर). 'पोर' (ठेवणे) एकटाच वेगळा दिसतो, पण तो 'ए' गणातच मोजतात.

डावीकडून सुरुवात केली तर धातू कुठे संपतो ते कळत नाही. उजवीकडून सोलत या:

१. पुरुषप्रत्यय काढा. 'आम्ही'चा 'मोस' नेहमी स्पष्ट दिसतो. 'तू'चा 'एस' किंवा 'स्ते', 'ते लोक'चा 'एम'. 'मी' आणि 'तो' यांचा खण बऱ्याचदा रिकामा असतो.

२. काळप्रत्यय काढा. रीतीभूतकाळ: आ गणात 'वा', इतर दोन गणांत 'आ'. भविष्य: 'रे' किंवा 'रा'. संकेतार्थ: 'रीआ'. 'केलं असतं तर' याचा प्रत्यय: 'स्से'. साध्या भूतकाळात हा खण बहुतेक रिकामाच असतो.

३. आता उरलेल्याच्या शेवटी आ, ए, इ यांपैकी जो स्वर दिसेल तो गणस्वर. त्याच्या अलीकडे धातू.

कान्तावामोस: कान्त + आ + वा + मोस.
वेन्देस्सेमोस (आम्ही विकलं असतं तर): वेन्द + ए + स्से + मोस.
कान्तास्ते (तू गायलास): कान्त + आ + स्ते. काळाचा खण रिकामा.

### इथे सगळ्यांत जास्त मुलं पडतात

'वेन्देमोस' (आम्ही विकतो) आणि 'कान्तेमोस' (आम्ही गावं). दोन्हींत 'एमोस' दिसतं, पण 'वेन्देमोस'मधला 'ए' गणस्वर आहे, कारण वेन्देर हा 'ए' गणाचा. 'कान्तेमोस'मधला 'ए' गणस्वर असूच शकत नाही, कान्तार 'आ' गणाचा आहे. तो विध्यर्थाचा प्रत्यय आहे आणि गणस्वर पूर्ण गळालाय. तीच गोष्ट उलट बाजूनं: 'कान्तामोस'मधला 'आ' गणस्वर, 'वेन्दामोस'मधला 'आ' विध्यर्थ.

तपासा: फोड लिहिण्याआधी मूळ नामरूप (कान्तार, वेन्देर, पार्तिर) वहीच्या समासात लिहा. गण माहीत नसताना फोड करणं म्हणजे जुगार.

गणस्वर वेषही बदलतो. 'कान्तेइ' (मी गायलो) मध्ये 'आ'चा 'ए' झाला, 'कान्तोउ' (तो गायला) मध्ये 'ओ'. 'वेन्दीआमोस'मध्ये 'ए'चा 'ई' झाला: वेन्द + ई + आ + मोस. काही व्याकरणांत 'ईआ' हा एकच प्रत्यय धरतात. परीक्षा देणार असाल तर तुमच्या पुस्तकाची पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

लेखनातले बदल म्हणजे नवा धातू नव्हे. 'पागार'चं (पैसे देणे) 'पागेइ' होताना मधे एक यू लिहावा लागतो, तो फक्त 'ग'चा उच्चार टिकवायला. धातू तोच.

आणि 'कान्तार्मोस'? कान्त + आ + र + मोस. ही फोड दोन वेगळ्या रूपांना लागू पडते. आधी 'से' (जर) किंवा 'क्वान्दो' (जेव्हा) असेल तर ते भविष्य-संकेताचं रूप, 'पारा' (साठी) असेल तर पुरुष दाखवणारं नामरूप. फाझेरसारख्या अनियमित धातूत हा गोंधळ होत नाही: तिथे पहिलं 'फिझेर्मोस' आणि दुसरं 'फाझेर्मोस'.

## पायरी ४: तोड करताना फोड झाकून ठेवा

वहीतल्या दुसऱ्या ओळीवर खरंच पट्टी ठेवा. तोड ही पहिल्या ओळीवरून करायची.

आधी स्वरांचे ठोके मोजा. जितके ठोके तितके सिलॅबल. मग व्यंजनं वाटा:

- दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्याकडे: वा·मोस.
- दोन असतील तर एक मागे, एक पुढे: कान्·ता.
- पण प, ब, त, द, क, ग, फ, व यांच्यानंतर र किंवा ल असेल तर जोडी फोडायची नाही, दोघंही पुढे: एन्·त्रे·गार.
- आरची किंवा एसची जोडी, तसंच एस-सी, यांचा उच्चार एकच असला तरी कागदावर मधोमध तुटतात: कोर्·रेस्·से·मोस (आम्ही धावलो असतो तर).
- तीन-चार व्यंजनं आली तरी शेवटची न तुटणारी जोडी पुढे, बाकी मागे: सुब्स्·क्रे·वेर (सही करणे).

देवनागरीची सवय इथे दगा देते. आपण 'न्ता' हे एकच अक्षर म्हणून लिहितो, म्हणून हात आपोआप 'का·न्ता' असं तोडतो. पोर्तुगीजमध्ये तो 'न' मागच्या स्वराचा. उलट 'गान्येइ' (मी जिंकलो) मधला 'न्य' जोडाक्षर दिसतो म्हणून मुलं त्याला तोडतात, पण तो पोर्तुगीजमध्ये एकच ध्वनी आहे: गा·न्येइ. 'ल्य'चंही तसंच.

उपसर्गाची कदर तोड करत नाही. 'देझापारेसेर' (नाहीसं होणे) यात 'देस' हा उपसर्ग आहे, तरी तोड दे·झा·पा·रे·सेर. एसचा उच्चार 'झ' झाला तिथेच कळतं की तो पुढच्या स्वराला जाऊन मिळालाय. अपवाद थोडे: 'सुब' उपसर्गापुढे ल आला की जोडी सुटते, सुब्·लि·न्यार (अधोरेखित करणे).

### स्वर शेजारी आले की

'आइ, एइ, ओइ, आउ, एउ, इउ, ओउ' असे उतरते जोडस्वर एकाच ठोक्यात. 'कान्तोउ' म्हणजे कान्·तोउ, दोनच. आता त्या 'तोउ'कडे जरा जवळून बघा. त्यातला 'त' धातूचा, 'ओ' गणस्वर, 'उ' पुरुषप्रत्यय. एका सिलॅबलमध्ये तीन खण! तोड आणि फोड वेगळी का, हे ज्याला पटत नाही त्याला मी हेच एक रूप फळ्यावर लिहून दाखवतो.

मात्र 'साइर' (बाहेर पडणे) यात आ आणि इ वेगळे आहेत: सा·इर. त्याची रूपं काळजीपूर्वक बघा:

- साइ (तो बाहेर पडतो): एक ठोका
- सा·ई (मी बाहेर पडलो): दोन
- साइ·आ (त्याने बाहेर पडावं): दोन
- सा·ई·आ (तो बाहेर पडत असे): तीन
- सा·ई·आ·मोस: चार. इथे फोडही सा + ई + आ + मोस. दोन्ही तंतोतंत जुळतात, असं क्वचितच होतं.

## पायरी ५: जोर आणि डोक्यावरची चिन्हं

तोड झाल्याशिवाय चिन्ह देऊ नका. चिन्ह द्यायचं की नाही हे पुष्कळदा तोडीवरच ठरतं.

'साइर'मधल्या 'इ'वर जोर आहे. सिलॅबलमध्ये तो एकटा असेल, किंवा सोबत फक्त एस असेल, तर तिरकी रेघ येते: सा·ई·मोस, सा·ईस्·ते. सोबत आर किंवा एन असेल तर येत नाही: सा·इर्·मोस, सा·इन्·दो. तोड चुकली की चिन्हही चुकणार.

रेघेआधीचा क्रियापदाचा भाग स्वतंत्र शब्द समजा. 'कान्ता-लो'त शेवटच्या 'आ'वर जोर, म्हणून तिरकी रेघ. 'वेन्दे-लो'त 'ए'वर टोपी. 'पार्ति-लो'त काही नाही, कारण 'इ'वर संपणाऱ्या शब्दाला शेवटी जोर असणं साहजिकच धरलंय. पण 'कोन्स्त्रुई-लो' (ते बांधणे) इथे पुन्हा तिरकी रेघ, कारण तोड कोन्स्·त्रु·ई अशी होते आणि 'ई' एकटा पडतो.

सावध: 'कान्तारा' रेघेविना म्हणजे 'तो गायला होता', शेवटी तिरकी रेघ दिली की 'तो गाईल'. 'तो गाईल'ऐवजी 'तो गायला होता' लिहिणारे मी दर बॅचमध्ये दोघं तरी बघतो.

## पायरी ६: ओळ मोडताना

एका वकिलांना जुन्या खरेदीखताचा अर्थ लावायला मी मदत करत होतो. ओळीच्या शेवटी 'फार-से-' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला सुटा 'आ'. त्यांनी तो 'आ' म्हणजे 'ला' हे शब्दयोगी अव्यय समजून अर्धा तास वाक्य लावलं, लागेना. ते एकच रूप होतं, 'फार-से-आ', म्हणजे 'केलं जाईल'.

हे टाळायलाच १९९० च्या लेखनकरारात (पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांनी मिळून ठरवलेले शुद्धलेखनाचे नियम) नियम आहे: ओळ मोडण्याची जागा आणि शब्दातली रेघ एकच आली तर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला रेघ पुन्हा द्यायची. वरच्या ओळीत 'फार-से-', खालच्या ओळीत '-आ'. तुम्ही लिहिताना हे पाळा. जुने कागद वाचताना मात्र कोणी ते पाळलं असेल असं गृहीत धरू नका. १९११ च्या शुद्धलेखन-सुधारणेआधीच्या दस्तांत तर 'फाझे-लो' हे 'फाझेल-ओ' असंही लिहिलेलं सापडतं, रेघ 'ल'च्या पुढे. फोड तीच.

## एक रूप सुरुवातीपासून शेवटपर्यंत

छापलेलं रूप: एन्त्रेगार-ल्यो-ईआमोस

नकार: नाओ ल्यो एन्त्रेगारीआमोस

सर्वनाम: ल्ये (त्याला) आणि ओ (ते) मिळून ल्यो

फोड: एन्त्रेग + आ + रीआ + मोस

तोड: एन्·त्रे·गार-ल्यो-ई·आ·मोस, सात सिलॅबल

चिन्ह: 'ई'वर तिरकी रेघ. 'गार' आरवर संपतो, त्याला चिन्ह नको.

आता ही तीन तुम्ही करा, मगच खाली बघा: साईस्सेमोस, फिझेरामो-लो, सुब्स्क्रेवे-लो-इआ.

पहिलं: सा + ई + स्से + मोस, सा·ईस्·से·मोस. दुसरं: मूळ फिझेरामोस (आम्ही केलं होतं) अधिक ओ, फिझ + ए + रा + मोस, फि·झे·रा·मो-लो, 'झे'वर तिरकी रेघ. तिसरं: मूळ सुब्स्क्रेवेरिआ अधिक ओ, सुब्स्क्रेव + ए + रिआ, सुब्स्·क्रे·वे-लो-इ·आ, 'वे'वर टोपी. तिसऱ्यात 'रिआ'मधला 'र' शोधत बसला असाल तर तो गळालाय, पायरी २ पुन्हा वाचा.